न दिसणारी इजा : मुलाच्या डोक्याला मार लागतो तेव्हा

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



तत्त्वज्ञानाच्या मास्तराने डॉक्टरांच्या विषयावर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. रास्त आहे. आम्हीही डॉक्टर आहोत, पण फक्त नावामागे. आमच्या डॉक्टरकीने आजवर कुणाचा साधा ताप उतरलेला नाही. तरीही आज आपण लहान मुलांच्या डोक्याला मार लागल्यावर दवाखान्यात होणाऱ्या तपासणीबद्दल बोलणार आहोत. ती तपासणी तशीच का करतात आणि तिच्यात आईबापांचं, आजीआजोबांचं काम काय असतं, हेही पाहू. हा विषय निम्मा वैद्यकाचा आहे आणि निम्मा आमच्या धंद्याचा. ‘एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशावरून कळलं?’ हा प्रश्न आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवला. रात्री दहा वाजता कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या डॉक्टरपुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

आणि दुसरं कारण घरातलं आहे. ते आधी सांगून टाकतो.

२०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. त्यानंतरच्या चैत्रात आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांना केवढी गर्दी झाली, ते तुम्ही पाहिलंच आहे. आमचा नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुण्याहून यात्रेला आला होता. घाटाच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, तिच्या फाळक्यावर बसून पोरं शर्यत बघत होती. ट्रॅक्टर जरासा हलला आणि नातू मागच्या मागे पडला. क्षणभर डोळे उघडे पण नजर हरवलेली. मग रडला. तासाभरात दोन उलट्या झाल्या. दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या गावात पाठवलं, सी.टी. स्कॅन झालं. रिपोर्ट नॉर्मल. आम्ही हात जोडले, पेढे वाटले. चौथ्या दिवशी त्याला अभ्यासाला बसवलं, कारण वार्षिक परीक्षा तोंडावर होती.

पोरगं पुस्तक उघडायचं आणि कपाळ धरायचं. घरात टी.व्ही. लागला की कानावर हात. पाढे येत होते ते अडखळायला लागले. जराशा कारणावरून रडायचा. ‘आजोबा, डोकं दुखतंय’ म्हणायचा आणि आम्ही म्हणायचो, ‘अभ्यास काढला की बरं दुखतं! रिपोर्ट नॉर्मल आहे तुझा.’ एकदा तर आम्ही त्याला नाटकी म्हणालो. तीन आठवड्यांनी सूनबाई त्याला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले ते एवढंच, की फोटोत काही दिसलं नाही म्हणजे मुलाला काही झालं नाही, असं नसतं. ह्याच्या मेंदूला हादरा बसलाय.

मंडळी, हे वाक्य आम्ही वर्गात संस्कृत शब्दांत किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! आणि घरात नेमकं विसरलो. आजचं व्याख्यान त्या चुकीतून निघालं आहे.

मेंदूला हादरा म्हणजे काय

मेंदू कवटीच्या आत एका द्रवात असतो. कळशी डोक्यावर घेऊन चालताना पाय अडखळला तर कळशी फुटत नाही, पण आतलं पाणी हिंदकळतं. डोक्याला जोराचा झटका बसला की मेंदूचं तसंच काहीसं होतं. हाड शाबूत राहतं, रक्तस्राव होत नाही, पण मज्जापेशींच्या कामाची घडी विस्कटते. पेशीच्या आतबाहेर क्षारांची जी शिस्तशीर ये-जा चालते ती बिघडते. ती पूर्ववत करायला पेशीला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडते. म्हणून मूल थकतं, त्याचं डोकं दुखतं, त्याला उजेड आणि आवाज सोसत नाही, उत्तर द्यायला वेळ लागतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आपण ‘मेंदूला हादरा’ म्हणू.

इथे दोन गैरसमज दूर करू. पहिला, ‘बेशुद्ध नाही झाला, म्हणजे मेंदूला काही नाही.’ हादरा बसलेली बहुतेक मुलं बेशुद्ध होतच नाहीत. दुसरा, ‘स्कॅन स्वच्छ आहे, म्हणजे काही नाही.’ सी.टी. स्कॅनला हाड दिसतं, साकळलेलं रक्त दिसतं, सूज दिसते. कामाची विस्कटलेली घडी त्याला दिसत नाही. घराचा फोटो काढून घरात भांडण चालू आहे का ते कळत नाही, तसंच.

म्हणजे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरपुढे एक नाही, दोन प्रश्न असतात. पहिला : कवटीच्या आत रक्तस्राव आहे का? हे क्वचित असतं, पण असेल तर जिवावरचं, आणि वेळ थोडा. दुसरा : मेंदूला हादरा बसलाय का? हे पुष्कळदा असतं, जीव जात नाही, पण काही आठवडे मुलाचं जगणं अवघड होतं. आपण घरची माणसं घाबरून पहिलाच प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसऱ्याचंही उत्तर ‘नाही’च आलं असं धरून घरी जातो. आमची चूक तीच झाली.

आपल्याकडे पोरं कुठून पडतात

शहरातल्या पुस्तकांत सायकल, फुटबॉल, पाळणा अशी उदाहरणं असतात. आपल्या दोन तालुक्यांचं चित्र जरा वेगळं आहे. पश्चिमेला, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या अंगाला, उन्हाळ्यात बाळहिरड्यासाठी घरची घरं रानात जातात. झाडावर चढणाऱ्यांत पोरंही असतात. पूर्वेला बागायत आहे : ट्रॅक्टर, ट्रॉली, शेततळी, द्राक्षाचे मांडव. मधून पुणे-नाशिक महामार्ग गेलाय, आणि त्यावर मोटरसायकलच्या टाकीवर बसवलेलं लेकरू रोज दिसतं. यात्रेत शर्यतीच्या गाड्यापुढे घोडी पळते, घाटाच्या कडेला पोरं उभी असतात. शिवाय कौलारू घराचा माळा, जिना, झोक्याची दोरी आहेच.

दुसरी गोष्ट अंतराची. घोडेगावला किंवा जुन्नरला मूल दाखवलं आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय हवी असली, तर पुण्याच्या दिशेने जावं लागतं. जुन्नरपासून पुणे नव्वदेक किलोमीटर. डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांतून आलेल्या माणसाला तर घोडेगावपर्यंतच केवढा पल्ला. तेव्हा इथल्या डॉक्टरला ‘स्कॅन करू की नको’ एवढंच ठरवायचं नसतं. ‘या लेकराला रात्रीचं पुढे पाठवू, की इथेच नजरेखाली ठेवू’ हेही त्यालाच ठरवायचं असतं. चुकीने पाठवलं तर गरीब घराची एक रात्र, एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. चुकीने ठेवलं तर काय जातं, ते सांगायला नको.

पहिला प्रश्न : आत रक्तस्राव आहे का

डॉक्टर सुरुवात करतात ती मूल किती भानावर आहे इथून. त्यासाठी १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी एक मोजपट्टी बनवली. डोळे कशाने उघडतो, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसा, या तीन गोष्टींना गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आज जगभर ती वापरतात. बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी तिच्यात थोडा बदल केलेला आहे.

ज्यांचे गुण फारच कमी त्यांच्याबद्दल वाद नाही, त्यांना तातडीने पुढे न्यायचंच. खरी अडचण १४ आणि १५ गुणवाल्यांची. मूल जागं आहे, बोलतंय, पण पडलंय. अशी मुलं शेकड्यांनी येतात आणि त्यांतल्या एखाद्याच्याच डोक्यात रक्तस्राव असतो. तो एखादा ओळखायचा कसा?

सगळ्यांचंच स्कॅन करून टाका, असं कुणी म्हणेल. पण सी.टी.त क्ष-किरण असतात आणि वाढत्या मेंदूवर ते फुकट सोडायचे नसतात. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. लहानपणी सी.टी.चे जास्त किरण घेतलेल्यांत रक्ताच्या कर्करोगाचं आणि मेंदूतल्या गाठींचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं. एका मुलापुरता धोका अगदी छोटा, हेही तिथेच सांगितलं आहे. म्हणून गरज असेल तर स्कॅनला घाबरायचं नाही, आणि गरज नसेल तर हट्ट धरायचा नाही.

गरज कुणाला, हे ठरवणारा सर्वांत मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत, मार लागून चोवीस तासांच्या आत आलेली ४२,४१२ मुलं त्यांनी तपासली. सगळी १४ किंवा १५ गुणांची. त्यांतल्या सुमारे ३५ टक्के मुलांचं स्कॅन झालं होतं. जिला खरोखर महत्त्वाची म्हणावी अशी मेंदूची इजा निघाली फक्त ३७६ मुलांना, म्हणजे शंभरात एकालाही नाही. त्यावरून त्यांनी खुणांच्या दोन याद्या केल्या. एक दोन वर्षांखालच्यांसाठी, एक त्यावरच्यांसाठी.

दोन वर्षांवरचं मूल असेल तर डॉक्टर आधी पाहतात : मूल गुंगीत आहे का, गोंधळलंय का, तेच तेच विचारतंय का? कवटीच्या तळाचं हाड मोडल्याच्या खुणा आहेत का, म्हणजे डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव किंवा कानातून रक्त? यांतलं काही असेल तर शंभरात चारेक मुलांना गंभीर इजा निघते, म्हणून स्कॅन. हे नसेल तर पुढच्या चार गोष्टी : बेशुद्ध झालं होतं का, उलटी झाली का, डोकं खूप दुखतंय का, आणि मार लागला तो किती जोराचा? जोराचा म्हणजे या वयात पाच फुटांवरून पडणं, हेल्मेट नसताना वाहनाची धडक बसणं, गाडीतून बाहेर फेकलं जाणं, जड वस्तू वेगाने डोक्यावर आदळणं.

दोन वर्षांखालचं मूल ‘डोकं दुखतंय’ म्हणू शकत नाही. म्हणून त्याची यादी निराळी. गुंगी पाहायची आणि कवटीचं हाड दबलेलं हाताला लागतंय का ते पाहायचं. मग टेंगूळ कुठे आहे ते. कपाळावरच्या टेंगळाची तितकी काळजी नसते, पण कानाच्या वर, बाजूला किंवा मागे असेल तर सावध व्हायचं. पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होतं का? तीन फुटांवरून पडलं का? आणि शेवटी : आईच्या मते मूल नेहमीसारखं वागतंय का?

या यादीतलं एकही लक्षण नसेल, तर गंभीर इजा असण्याची शक्यता मोठ्या मुलांत दहा हजारांत पाचाहून कमी आणि लहानग्यांत दहा हजारांत दोनाहून कमी निघाली. तिथे स्कॅन नको. मधल्या गटात, म्हणजे गुंगी नाही पण एखादं दुसरं लक्षण आहे, तिथे शंभरात एकाच्या आसपास. अशा वेळी डॉक्टर बरेचदा मुलाला चार-सहा तास नजरेखाली ठेवतात. लक्षणं वाढली तर स्कॅन, ओसरली तर घरी. आपण म्हणतो, ‘डॉक्टरांनी काहीच केलं नाही, नुसतं बसवून ठेवलं.’ मंडळी, ते बसवून ठेवणं हीच तपासणी असते. डोळ्यांसमोरून जाणारा वेळ हे तिचं यंत्र असतं.

नाही, हे कसं कळतं

आता थोडं आमच्या धंद्याचं बोलू. आपल्याकडच्या दर्शनांत ज्ञानाची साधनं किती, यावर मोठे वाद झाले. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी नावाचं एक वेगळं साधन मानलं. नैयायिकांनी ते वेगळं मानायला नकार दिला. तो वाद बाजूला ठेवू. अनुपलब्धी म्हणजे न दिसणं. जमिनीवर घट दिसत नाही, त्यावरून ‘घट नाही’ हे आपल्याला कळतं. पण लगेच एक अट घातली आहे. घट असता तर तो दिसला असता, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, आणि जे शोधतोय ते डोळ्यांना दिसणारं हवं. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. साध्या मराठीत : ज्या डोळ्याने पाहिलं, तो डोळा ते पाहण्याच्या लायकीचा होता का?

ही कसोटी आपल्या विषयाला लावून पाहा. यादीतलं एकही लक्षण नाही, म्हणून आत मोठी इजा नाही. हे म्हणणं चालतं का? चालतं. कारण बेचाळीस हजार मुलं तपासून खात्री केली आहे, की मोठी इजा असती तर यांतली एखादी खूण जवळजवळ नेहमीच दिसली असती. स्कॅनमध्ये रक्त नाही, म्हणून त्या वेळी आत रक्तस्राव नाही. हेही चालतं. रक्त असतं तर त्या यंत्राला दिसलं असतं. पण स्कॅनमध्ये काही नाही, म्हणून हादरा बसलेला नाही. हे चालत नाही. हादरा पाहण्याची त्या डोळ्याची लायकीच नाही. तिथे तो अंधारात घट शोधतोय.

हे शिकायला आपल्या भागातल्या माणसाला संस्कृत लागत नाही. मण्यार चावल्याची खूण बरेचदा दिसत नाही, दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोट दुखतं म्हणतं, पापण्या जड होतात. ‘खूण नाही म्हणजे दंश नाही’ असं म्हणून किती जीव गेले. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशावर काम केलं. तेव्हा कुठे खूण नसली तरी दवाखाना गाठायचा, हे आपल्याकडे रुजायला लागलं. डोक्याच्या हादऱ्याबाबत तेवढंच शहाणपण यायला हवं.

आईचं म्हणणं

मघाच्या लहानग्यांच्या यादीतली शेवटची ओळ आठवा. आईच्या मते मूल नेहमीसारखं आहे का? एवढ्या मोठ्या अभ्यासात, एवढ्या यंत्रांच्या शेजारी, आईच्या शब्दाला खूण म्हणून जागा मिळाली आहे. ती दयेपोटी मिळालेली नाही. ती खूण कामाची ठरली, म्हणून मिळाली.

न्यायदर्शन शब्दाला, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याला, ज्ञानाचं साधन मानतं. असा माणूस म्हणजे आप्त. वात्स्यायनाने भाष्यात स्पष्ट केलंय की ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. शिक्षणाची, कुळाची अट नाही. त्या लेकराच्या बाबतीत त्याची आई आप्त आहे. ती सही करत असेल किंवा अंगठा उठवत असेल.

आणि आपल्या भागात हे जास्तच लागू. डोंगरातल्या वाडीवरचं पोर पांढरा कोट पाहून आधीच बुजतं. डॉक्टरांनी विचारलेल्याला सावकाश उत्तर देतं. ते बुजल्यामुळे की मेंदूला हादरा बसल्यामुळे? डॉक्टरला त्याचं रोजचं रूप माहीत नाही. आईला आहे. ‘साहेब, हा असा गप बसणाऱ्यातला नाय,’ हे तिचं एक वाक्य पुष्कळ काही सांगून जातं.

पण आप्ताची दुसरी अट विसरू नका. आहे तसं सांगायची इच्छा. इथे आपण कमी पडतो. अपघात म्हटलं की दवाखान्यात पोलिसांना कळवण्याची नोंद होते, आणि घरचे घाबरतात. अल्पवयीन काका गाडी चालवत होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकांवरही जबाबदारी येते. मग गाडीवरून पडलेलं पोर ‘ओट्यावरून घसरलं’ होतं. दहा फुटी झाड तीन फुटी होतं. आता विचार करा, त्या यादीत उंचीला आणि वेगाला केवढं वजन आहे. आपण एक आकडा बदलला की मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं, आणि डॉक्टर खोट्या पायावर खरा निर्णय घेतो. नोंद झाली तरी उपचार थांबत नाहीत. लपवलं तर मात्र उपचार चुकू शकतात. उलट, सांगितलेली हकिकत आणि दिसणारी इजा यांचा मेळ बसत नसेल, किंवा हकिकत दर वेळी बदलत असेल, तर मुलाला कुणी मारलं तर नाही ना, हा संशय डॉक्टरला घ्यावाच लागतो. तो त्याचा धर्म आहे, त्याचा राग मानू नये.

दुसरा प्रश्न : हादरा बसलाय का

रक्तस्रावाची शंका मिटली की चांगला डॉक्टर थांबत नाही. तो मुलाशी बोलायला लागतो. पडण्याआधीचं काय आठवतं, नंतरचं काय आठवतं? पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतो. आकडे उलटे म्हणायला लावतो. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, हात कमरेवर, डोळे मिटून वीस सेकंद उभं करतो आणि तोल किती वेळा जातो ते मोजतो. डोकं दुखणं, मळमळ, उजेड, आवाज, थकवा, विसरणं, चिडचिड, झोप, हे एकेक करून विचारतो, मुलाला वेगळं आणि आईला वेगळं. यात यंत्र काहीच नाही. कान आणि धीर लागतो.

कुणाला बरं व्हायला वेळ लागेल, याचाही अंदाज घेता येतो. कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ३,०६३ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस दिवसांनंतरही त्रास राहिला होता तो दहांतल्या तीन मुलांना. वय तेरा किंवा जास्त, मुलगी असणं, अर्धशिशीचा त्रास, आधीचा लांबलेला हादरा, डोकेदुखी, आवाज न सोसणं, थकवा, सावकाश उत्तर देणं, तोल जाणं, या गोष्टींचे गुण मांडून धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवतात. दहांतली सात मुलं महिन्याच्या आत बरी होतात, हा दिलासा. तीन होत नाहीत. ती नाटक करत नसतात. आमचा नातू त्या तिघांतला होता.

घरी आल्यावर

घरी सोडताना डॉक्टर सांगतात ते नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या. पुढच्या एक-दोन दिवसांत डोकेदुखी वाढत गेली, उलट्या पुन्हा पुन्हा झाल्या, झटका आला, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, हातपाय लुळा पडला, बोलणं जडावलं, माणसं ओळखेना, उठवल्यावर उठेना, किंवा तान्हं मूल दूध घेईना आणि रडं थांबेना, तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर वळवा. पडल्यावर मान दुखत असेल तर मान हलू देऊ नका.

बाकी मुलांना पहिले एक-दोन दिवस विश्रांती. विश्रांती म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडणं नव्हे. घरात हिंडूफिरू द्यावं, मोबाईल आणि टी.व्ही. मात्र दूर. मग हळूहळू शाळा, आधी अर्धा दिवस, मधे सुट्टी, परीक्षेला थोडी सवलत. त्रास वाढला की एक पायरी मागे. कबड्डी, कुस्ती, झाडावर चढणं, सायकल हे सगळं शेवटी, डॉक्टरने होकार दिल्यावर. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर महागात पडतं.

काही प्रश्न

एका श्रोत्याने विचारलं : डोक्याला मार लागला की झोपू द्यायचं नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. खरं का?

डॉक्टरने तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्यावं. थकलेल्या मेंदूला झोप हवीच असते. न तपासता झोपवणं हे धोक्याचं. रात्री एखाद्या वेळी हलवून पाहायचं का, ते त्याच डॉक्टरला विचारा. जुन्या माणसांची काळजी खरी होती. त्यांना झोप आणि बेशुद्धी यांतला फरक ओळखायची धास्ती वाटायची.

एका ताईंनी विचारलं : लेकराला गाडीवर हेल्मेट घालायचं का?

हो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्याने हेल्मेट लागतं. त्याहून लहान मुलांसाठी २०२३ पासून हेल्मेट आणि बांधायचा पट्टा यांचा नियम आहे, आणि वेग चाळिसाच्या आत. टाकीवर बसवणं तर बंदच करा. हेल्मेट कवटी वाचवतं. आतल्या हिंदकळण्यापासून पूर्ण वाचवत नाही, पण कवटी वाचणं ही छोटी गोष्ट नाही.

शेवटचा प्रश्न एका शिक्षकांचा : सर, वर्गात चाळीस पोरं. खरं कुणाचं दुखतंय आणि बहाणा कोण करतंय, हे आम्ही कसं ओळखायचं?

गुरुजी, पहिल्या दिवशी ते ओळखायची गरजच नाही. दोन चुका शेजारी ठेवून पाहा. बहाणा करणाऱ्यावर विश्वास ठेवला, तर त्याला चार दिवस गृहपाठातून सुटका मिळते. खरं सांगणाऱ्यावर अविश्वास दाखवला, तर त्याचं दुखणं लांबतं, तो अभ्यासात मागे पडतो, ‘ढ’ ठरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी दुखलं तरी सांगत नाही. ज्या इजेचा पुरावा फक्त मुलाच्या शब्दांत आहे, तिथे मुलाचं तोंड बंद केलं की तपासणीचं एकमेव यंत्र आपण आपल्या हातांनी फोडलं.

आमचा नातू सहाव्या आठवड्यात बरा झाला. आता खो-खो खेळतो. मागच्या दिवाळीत आम्ही त्याला विचारलं, ‘त्या वेळी मी तुला नाटकी म्हणालो, आठवतं का?’ तो म्हणाला, ‘हो. नंतर मी सांगायचंच सोडून दिलं होतं.’ त्याची आम्ही माफी मागितली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज एवढं बोललो.